मुंबईचं एअरपोर्ट नक्की कुणाचं? मायल नावाच्या कंपनीची गोष्ट, सोप्या भाषेत

"मुंबईचं एअरपोर्ट आधी जीव्हीकेला विकलं, मग अदानीला विकलं" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. एअरपोर्ट विकलेलं नाहीये हो. जमीन २००६ च्या आधी एअरपोर्ट अथॉरिटी ऑफ इंडियाकडे होती, आजही तिच्याकडेच आहे. हात बदलले ते एका कंपनीचे शेअर्स. कंपनीचं नाव मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड, या धंद्यातले लोक नुसतं मायल म्हणतात. एअरपोर्ट चालवायचा करार या मायलकडे आहे, आणि मायल ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात एअरपोर्ट. पूर्ण गोष्ट ७४ टक्के आणि २६ टक्के या दोन आकड्यांत आहे, त्यातले २६ जागचे हलले नाहीत आणि ७४ मात्र भरपूर फिरले.

थोडं मागे जाऊ. जेआरडी टाटा १९३२ साली कराचीहून टपालाचं विमान घेऊन आले ते जुहूला. सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलासाठी झाली आणि युद्धानंतर नागरी विमानं जुहूहून तिकडे गेली. नंतरची कित्येक वर्षं एअरपोर्ट म्हणजे सरकारी खातं असाच मामला होता. १९७२ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास ही चार आंतरराष्ट्रीय एअरपोर्टं सांभाळायला एक वेगळी अथॉरिटी काढली, १९८६ मध्ये बाकीच्यांसाठी दुसरी काढली, आणि १ एप्रिल १९९५ ला दोन्ही एकत्र करून आत्ताची एअरपोर्ट अथॉरिटी झाली. इथपर्यंत सरळ आहे.

गडबड सुरू झाली २००३ नंतर. एअर डेक्कन आलं, तिकिटं स्वस्त झाली, पाठोपाठ स्पाइसजेट, इंडिगो आले, ज्यांनी कधी विमानात पाय ठेवला नव्हता ते लोक उडायला लागले आणि टर्मिनल मात्र तेच जुनं. याच काळात सरकारने ठरवलं की दिल्ली आणि मुंबई ही दोन एअरपोर्टं खासगी भागीदारीत द्यायची. त्यासाठी कायदा बदलला, कारण त्याआधी अथॉरिटीला आपलं एअरपोर्ट असं भाड्याने देताच येत नव्हतं. अथॉरिटीच्या कर्मचाऱ्यांना हे अजिबात पटलेलं नव्हतं, फेब्रुवारी २००६ च्या सुरुवातीला देशभर त्यांचा संप झाला, टर्मिनलमध्ये कचरा साचला, टॉयलेटं तुंबली. कर्मचारी तीन वर्षं नव्या कंपनीत काम करतील, मग त्यांच्यातल्या काहींना नोकरीची ऑफर मिळेल वगैरे अटी करारात आल्या त्यामागे हा सगळा राग आहे.

आता बोली. ती वाचायला मजा येते कारण त्यात शेवटपर्यंत ट्विस्ट आहेत. प्रत्येक बोलीदाराला आधी तांत्रिक परीक्षा, तिथे ८० टक्के मिळाले तरच पैशाचं पाकीट उघडणार, म्हणजे उत्पन्नातला किती टक्के वाटा अथॉरिटीला देणार तो आकडा. पहिल्या तपासणीत जीएमआर नावाचा ग्रुप आणि अनिल अंबानींचं रिलायन्स असे दोघे पास झाले. त्यावर तक्रारी झाल्या की मार्क नीट दिले नाहीत, मग फेरतपासणीला बसले ई. श्रीधरन, हो तेच कोकण रेल्वेवाले. त्यांच्या तपासणीनंतर पास झालेली एकटी जीएमआर उरली. पण एकालाच दोन्ही एअरपोर्टं द्यायची नाहीत असं ठरलेलं होतं. मग जीएमआरला सांगितलं की एक निवड आणि सगळ्यात मोठ्या बोलीशी बरोबरी कर. त्यांनी दिल्ली घेतली आणि रिलायन्सने बोललेला ४५.९९ टक्क्यांचा आकडा मान्य केला. उरलेल्या मुंबईसाठी तांत्रिक अट सैल करून सगळ्यात जास्त बोली बघितली, ती हैदराबादच्या जीव्हीके ग्रुपची होती, ३८.७ टक्के. रिलायन्स कोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, नोव्हेंबर २००६ मध्ये तिथे हरलं. तोपर्यंत इकडे मायल स्थापन होऊन ४ एप्रिल २००६ ला करारही झाला होता आणि ३ मेला एअरपोर्टचा ताबाही गेला होता.

कंपनीतली वाटणी अशी होती: एअरपोर्ट अथॉरिटी २६ टक्के, जीव्हीके ३७, दक्षिण आफ्रिकेची बिडव्हेस्ट २७, आणि दक्षिण आफ्रिकेचीच एअरपोर्ट चालवणारी सरकारी कंपनी, एक्सा म्हणू, १०. एक्सा आली कारण जीव्हीकेने त्याआधी वीज प्रकल्प आणि रस्ते केले होते, एअरपोर्ट नव्हतं चालवलेलं, आणि अनुभवी ऑपरेटर सोबत हवा अशी अटच होती.

अथॉरिटीला २५ नाही, ३० नाही, २६ च का? कंपनी कायद्यात मोठे निर्णय, म्हणजे कंपनीची घटना बदलणं वगैरे, विशेष ठरावाने होतात आणि त्याला ७५ टक्के मतं लागतात. तुमच्याकडे २६ असतील तर समोरचा कितीही जोर लावो, त्याची गाडी ७४ वरच थांबते. कंपनी चालवायची नाही, पण तुम्हाला वगळून कुणी तिचा पायाच बदलू शकणार नाही, यासाठी २६.

आता ३८.७ टक्के म्हणजे कशाचे, हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. हे नफ्याचे टक्के नाहीत. उत्पन्नाचे आहेत. शेत बटाईने दिलं की मालक आपला वाटा खळ्यावरच्या राशीतूनच उचलतो, बियाण्याला किती गेले, मजुरीला किती गेले आणि कसणाऱ्याच्या घरात शेवटी काय उरलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तसंच हे. टर्मिनलमधल्या दुकानाकडून मायलकडे १०० रुपये आले की त्यातले ३८ रुपये ७० पैसे अथॉरिटीचे. उरलेल्या ६१ रुपये ३० पैशांत पगार, वीज, देखभाल, कर्जाचं व्याज, आणि मग काही राहिलंच तर नफा. वर सुरुवातीला १५० कोटी रुपये एकरकमी भरायचे होते ते वेगळे. मुदत ३० वर्षं.

अजून एक बारीक कलम आहे आणि मला विचाराल तर पूर्ण करारातलं सगळ्यात हुशार कलम तेच. अथॉरिटीला द्यायचा हा वाटा कंपनीने खर्च म्हणून दाखवून प्रवाशांकडून वसूल करायचा नाही. म्हणजे बोली लावताना हातचं न राखता आकडा फुगवायचा आणि नंतर तो लँडिंग चार्जमध्ये घुसडायचा, ही पळवाट बंद. मग एवढा वाटा काढायचा कुठून? दुकानं, ड्यूटी फ्री, जाहिराती, गाड्यांचं पार्किंग, लाउंज, हॉटेल. तुम्हाला सिक्युरिटीतून बाहेर पडल्यावर थेट गेटकडे न जाता परफ्युम आणि चॉकलेटच्या मधून नागमोडी चालवत नेतात त्यामागे हे गणित आहे. चहा महाग का याचं उत्तरही बरंचसं इथेच, दुकानदार मायलला वाटा देणार, मायल त्यातला वाटा अथॉरिटीला देणार.

विमानाशी संबंधित दर, म्हणजे लँडिंग, विमानांचं पार्किंग, आणि तुमच्या तिकिटावरची यूडीएफ (यूझर डेव्हलपमेंट फी) नावाची ओळ, हे कंपनी मनाने लावू शकत नाही. त्यासाठी २००९ पासून एरा नावाचा नियामक आहे. तो पाच पाच वर्षांचा हिशेब मांडतो, कंपनीने किती गुंतवले, त्यावर किती परतावा योग्य, खर्च किती, आणि दुकानांच्या वगैरे उत्पन्नातला ३० टक्के भाग यातून वजा करतो, जेणेकरून प्रवाशावरचा बोजा थोडा कमी व्हावा. मे २०२५ पासून मुंबईतून डोमेस्टिक फ्लाइटने निघणाऱ्याला १७५ रुपये आणि उतरणाऱ्याला ७५ रुपये यूडीएफ ठरला. एकदा तिकिटाचं ब्रेकअप उघडून बघा, दिसेल.

आणि कंपनी काय काय करत नाही तेही सांगतो, कारण लोक सगळ्याच गोष्टींसाठी तिला शिव्या घालतात. विमान वर घिरट्या घालतंय, उतरायला परवानगी देणारा टॉवर अथॉरिटीचा. बॅग तपासणारे सीआयएसएफचे जवान. इमिग्रेशन आणि कस्टम्स केंद्र सरकारचे. मायलचं काम टर्मिनल, धावपट्ट्या, ट्रॉल्या, बेल्ट, दुकानं, स्वच्छता आणि नवीन बांधकाम.

बांधकामाची जागा म्हणजे मुंबईची खरी गोची. सुमारे दोन हजार एकर जमीन, त्यातली जवळपास ३०० एकर झोपडपट्टीखाली. झोपडीवासीयांच्या पुनर्वसनासाठी एका बिल्डरला कंत्राट दिलं होतं, काही वर्षांनी ते रद्द झालं. उरलेल्या जमिनीतलीही फक्त १० टक्के व्यापारी वापरासाठी मोकळी, दिल्लीला ५ टक्के आहे पण दिल्लीची जमीनच अवाढव्य. दोन धावपट्ट्या आहेत त्या एकमेकींना मधेच छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत, व्यवहारात एकच धावपट्टी धरायची. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत, २४ तासांत १,०३२ विमानांची ये-जा या एअरपोर्टने केली. हे कौतुक करावं असं काम आहे, मालक कुणीही असो.

जीव्हीकेने नवीन टर्मिनल २ बांधलं ते जुनं सहार टर्मिनल चालू ठेवून, त्याच जागेवर, तुकड्या तुकड्याने. जानेवारी २०१४ मध्ये मनमोहन सिंगांच्या हस्ते उद्घाटन, १२ फेब्रुवारीपासून विमानं सुरू. मोरपिसांसारखं छत, पांढरे खांब, भिंतभर कलाकृती. दिसायला सुंदरच आहे. पण पूर्ण प्रकल्पाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीने वाढून साडेबारा हजार कोटींच्या घरात गेला. पैसे कमी पडले म्हणून २००९ पासून प्रवाशांकडून विकास शुल्क घ्यायला लागले, डोमेस्टिकला १०० आणि इंटरनॅशनलला ६०० रुपये. एप्रिल २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नियामकाने ठरवल्याशिवाय हे घेता येणार नाही, मग एराच्या मार्गाने ते परत आलं. म्हणजे टर्मिनलचा काही भाग आपण प्रवाशांनी आधीच पैसे भरून बांधलाय, यावर फार कुणी बोलत नाही.

मग एअरपोर्ट भरभरून चालत असताना जीव्हीकेच्या हातून ते गेलं कसं? २००६ च्या सुमारास वर्षाला दोन कोटींच्या आतबाहेर प्रवासी होते, आता साडेपाच कोटींच्या आसपास आहेत. गिऱ्हाईक अडीच-तीन पट. तरीही गेलं.

कारण एअरपोर्टच्या बाहेर आहे. २०११ मध्ये जीव्हीकेने बिडव्हेस्टकडून १३.५ टक्के घेऊन आपला वाटा ५०.५ टक्क्यांवर नेला. त्याआधी बंगळुरू एअरपोर्टमध्येही मोठा हिस्सा घेतला होता. त्याच २०११ मध्ये ग्रुपने ऑस्ट्रेलियात सव्वा अब्ज डॉलरच्या वर रकमेचे कोळसा प्रकल्प घेतले. सगळं कर्जावर. तिकडे कोळशाचे भाव पडले, इकडे आंध्रात गॅसवर चालणारे वीज प्रकल्प उभे पण गॅसच नाही, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं उत्पादन घसरलं होतं. वीज नाही तर पैसे नाहीत, व्याज मात्र घड्याळासारखं चालू. २०१७ पर्यंत बंगळुरूमधला हिस्सा विकून टाकावा लागला.

इथे कंपन्यांची शिडी समजून घ्यायला हवी. शेअर बाजारात असलेली जीव्हीके कंपनी सगळ्यात वर, तिच्याखाली एक, तिच्याखाली अजून एक, आणि सगळ्यात खाली मायलमधले ५०.५ टक्के. मायलवर स्वतःचं कर्ज होतंच, पण मधल्या पायरीवरच्या कंपनीवर वेगळं कर्ज होतं, आणि त्या कंपनीची मुख्य मालमत्ता म्हणजे एअरपोर्टचे शेअर्स. एअरपोर्ट चांगलं चाललं तरी खळ्यावरचा वाटा आधी अथॉरिटीचा, मग मायलचे स्वतःचे हप्ते, वरच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचेल ते थेंब थेंब. मधल्या पायरीचं कर्ज ज्याच्या हातात, त्याच्या हातात एअरपोर्टची दोरी.

मार्च २०१९ मध्ये अदानी ग्रुपने बिडव्हेस्टच्या उरलेल्या १३.५ टक्क्यांसाठी ७७ रुपये शेअर या भावाने १,२४८ कोटींची तयारी दाखवली. त्याच्या महिनाभर आधीच या ग्रुपने अहमदाबाद, लखनौ, जयपूर, मंगळुरू, गुवाहाटी आणि तिरुअनंतपुरम ही सहाही एअरपोर्टं बोलीत जिंकली होती, तिथला हिशेब टक्क्यांचा नाही तर दर प्रवाशामागे ठरावीक रक्कम असा आहे. जीव्हीके खडबडून जागं झालं. आधी विचारायचा हक्क आमचा, असं म्हणत त्यांनी तो हिस्सा स्वतः घेतो सांगितलं, प्रकरण कोर्टात, पैसे मात्र जमेनात. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना तारणहार सापडले, अबू धाबीचा सरकारी फंड, कॅनडाचा पेन्शन फंड आणि आपला एनआयआयएफ हा भारत सरकारच्या पाठबळाचा गुंतवणूक फंड, तिघे मिळून एअरपोर्टवाल्या कंपनीत ७९.१ टक्के हिस्सा ७,६१४ कोटींना घेणार. करार झाला, व्यवहार पूर्ण व्हायच्या आत कोविड आला.

२५ मार्च ते २५ मे २०२० डोमेस्टिक विमानं पूर्ण बंद. एअरपोर्ट कंपनीसाठी याहून वाईट काही असू शकत नाही, दिवे, पगार आणि व्याज चालू आणि गिऱ्हाईक शून्य. ३१ ऑगस्ट २०२० ला जाहीर झालं की जीव्हीके त्या तिघांचा करार सोडून अदानीकडे जातंय. पद्धत बघा: अदानीने मधल्या पायरीवरचं कर्ज सावकारांकडून विकत घ्यायचं, म्हणजे सावकारच अदानी झाले, आणि मग त्या कर्जाचे शेअर्स करून घ्यायचे. जीव्हीकेचे ५०.५ असे आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये बिडव्हेस्ट आणि एक्साचे मिळून २३.५ टक्के १,६८५ कोटींना घेतले. बेरीज करा, बरोबर ७४. १३ जुलै २०२१ ला ताबा.

यात दबाव होता का? फेब्रुवारी २०२३ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत तसा आरोप केला, आणि जीव्हीकेचे संजय रेड्डी यांनी कुठलाही दबाव नव्हता, आम्हाला पैशांची निकड होती असं जाहीरपणे सांगितलं. माझं मत विचाराल तर दबाव असो वा नसो, २०११ मध्ये घेतलेल्या कर्जांनी २०२० मध्ये जीव्हीकेकडे नाही म्हणायची ताकदच ठेवली नव्हती.

ताबा गेल्यावर मुंबईत राडा झाला तो बोर्डावरून. एअरपोर्टच्या धंद्याचं मुख्यालय अहमदाबादला जाणार अशी बातमी आली, मग 'अदानी एअरपोर्ट' लिहिलेला बोर्ड दिसला, ऑगस्ट २०२१ मध्ये शिवसैनिकांनी तो तोडला. कंपनीने सांगितलं की एअरपोर्टचं नाव छत्रपती शिवाजी महाराज हेच आहे, ते कुणी बदललेलं नाही. ते बरोबरच होतं, पण आत खरं काय बदललंय ते बोर्डावर दिसणारं नव्हतंच.

ते दिसतं नवी मुंबईत. जुन्या करारातच मायलला हक्क होता की १५० किलोमीटरच्या आत दुसरं एअरपोर्ट होणार असेल तर तिची बोली दहा टक्क्यांच्या आत असल्यास ती बरोबरी करून ते घेऊ शकते. २०१७ मध्ये तो हक्क वापरायची वेळच आली नाही, मायलने सिडकोला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या राज्याच्या महामंडळाला, १२.६ टक्के देऊ केले, जीएमआरने १०.४४, बोली थेट जिंकली. म्हणून नवी मुंबईच्या कंपनीत ७४ टक्के मायलचे आणि २६ सिडकोचे. जीव्हीकेच्या काळात जिंकलेलं हे एअरपोर्ट मायलसोबत आपोआप अदानीकडे आलं, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली.

आता जरा आकडे शेजारी शेजारी ठेवा. सांताक्रूझच्या उत्पन्नातून ३८.७ टक्के केंद्राच्या अथॉरिटीला. उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबई एअरपोर्टच्या, उत्पन्नातून १२.६ टक्के राज्याच्या सिडकोला. दोन्हीकडे चालवणारे एकच. एक प्रवासी इकडून तिकडे सरकला की कंपनीचा प्रत्येक रुपयातला वाटा वाढतो आणि अथॉरिटीचा थेट वाटा त्या प्रवाशापुरता संपतो, मायलमधल्या २६ टक्क्यांमुळे तिचा नवी मुंबईत आडवळणाने साधारण १९ टक्के हिस्सा येतो तेवढंच समाधान, तेही नफा झाला तर. प्रवाशाच्या खिशाचं म्हणाल तर नवी मुंबईचा सुरुवातीचा तात्पुरता यूडीएफ डोमेस्टिकने निघणाऱ्याला ६२० रुपये ठरला, सांताक्रूझच्या १७५ समोर. नवीन बांधकामाचा खर्च ताजा आहे, म्हणून दर जास्त, हे एराच्या पद्धतीत बसतं. पण जुनं टर्मिनल १ पाडून नव्याने बांधायचं कंपनीने ठरवलेलं आहे, तेव्हा तिथले लाखो प्रवासी कुठे जाणार आणि त्या काळात अथॉरिटीच्या वाट्याचं काय, हा प्रश्न विचारायला हवा, आणि तो विचारायची खुर्ची २६ टक्क्यांवर बसलेल्या अथॉरिटीची आहे.

मायलच्या कराराची पहिली ३० वर्षं मे २०३६ मध्ये संपतात. मोठा करारभंग झालेला नसेल तर पुढची ३० मागायचा हक्क कंपनीकडे आहे, आणि अटी त्याच राहतात, म्हणजे २०६६ पर्यंत वाटा तोच, ३८.७.